बेटिंगचं हँडिकॅपिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

देवगडचा_झील

नमस्कार मंडळी, मी देवगड तालुक्यातला, वय २४, बीकॉम झालोय आणि सध्या बाबांबरोबर आंब्याचं बघतो. बाबा मोहरावर दुसऱ्यांच्या बागा घेतात त्यामुळे जानेवारी ते मे डोकं वर काढायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात मात्र हातात नुसता मोबाईल. क्रिकेट तर बघतोच पण इंग्लंडची फुटबॉल लीग पण रात्री जागून बघतो, गावात लाईट गेली तर डेटावर बघतो. मित्र म्हणतात तुझे अंदाज दहातले सात बरोबर येतात तर पैसे का नाय लावत. यूट्यूबवर बघायला गेलो तर सगळं इंग्रजीत, हँडिकॅप, व्हॅल्यू, बँकरोल, डोक्यावरून जातं. कोणीतरी मराठीत सांगा की हे -१.५, -०.७५ असलं काय लिहिलेलं असतं, शिकायला साधारण किती पैसे बाजूला ठेवावे लागतात आणि मुख्य म्हणजे टेलिग्रामवर एक जण आहे त्याने मला फुकट ५ टिपा दिल्या त्या पाचही बरोबर आल्या, आता सहावीचे ३००० मागतोय. देऊ का? बाबांना यातलं काही माहीत नाही, उगाच उपदेश नको, माहिती द्या.

महालक्ष्मी_रिटर्न

बाळा, उपदेश करायचा मला अधिकारच नाही. मी मुंबईत नोकरी केली आणि तीसेक वर्षं रविवारी महालक्ष्मीला रेसला गेलो, आता रिटायर होऊन मालवणात आहे. तुझे तीन हजार खिशातच ठेव, त्यावर बाकीचे बोलतीलच, मी हँडिकॅपचं सांगतो कारण हा शब्द मुळात घोड्यांचा.

रेस लावताना क्लबचा एक अधिकारी असतो, त्यालाच हँडिकॅपर म्हणतात. प्रत्येक घोड्याला तो रेटिंग देतो, आणि ज्याचं रेटिंग जास्त त्याच्या पाठीवर वजन जास्त. जॉकी हलका पडला तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. हेतू एवढाच की कागदावर सगळे घोडे एका रेषेत यावेत. म्हणजे चांगला घोडा कुठला हे त्या माणसाने आधीच ओळखलंय आणि त्याची किंमत वजनात वसूल केलीय. आपण घरी बसून परत तेच शोधत बसलो की हा चांगला घोडा आहे, तर आपण काय नवीन केलं? त्याने वजन देताना कुठे चूक केलीय ते शोधायचं, तेच हँडिकॅपिंग.

मला हे कळायला किती वर्षं गेली सांगू? एक घोडा होता, ओळीने तीन रेस मारल्या त्याने. आम्ही ऑफिसातले सहा जण चौथ्या रेसला डोळे मिटून त्याच्यावर. पण तीन जिंकल्यामुळे रेटिंग चढलं, वरच्या क्लासला गेला, आधी ५२ किलो घेऊन पळत होता तो आता ५८ घेऊन आणि समोर घोडे त्याच्याहून भारी. शेवटच्या दोनशे मीटरला असा उभा राहिला जसा एसटी घाटात उभी राहते. चौथा आला. रेसकार्डात हे सगळं छापलेलं होतं, वजन, क्लास, आधीच्या रन, अंतर, सगळं. आम्ही फक्त नाव वाचलं होतं.

परतीच्या लोकलचे पैसे मी मोज्यात ठेवायचो, हा एवढा एकच नियम मी आयुष्यभर पाळला.

आगबोट_रत्नागिरी

काकांनी घोडं सांगितलं, मी फुटबॉल सांगतो. मी जहाजावर असतो, इंग्लंडच्या बंदरात बरेच दिवस मुक्काम असतो, तिथे बेटिंगचं दुकान म्हणजे आपल्याकडे झेरॉक्सचं दुकान असतं तसं, नाक्यावर, लायसन्सवालं, २००५ चा गॅम्बलिंग ॲक्ट आहे त्यांचा.

-१.५ म्हणजे त्या टीमच्या स्कोअरमधून दीड गोल वजा करून निकाल बघायचा. २-० जिंकली तर उरतो अर्धा, तू जिंकलास. १-० किंवा २-१ जिंकली तर टीम जिंकली पण तू हरलास. समोरच्या टीमवर +१.५ असतं त्याचं बरोबर उलटं. -०.७५ ला लोक घाबरतात पण सोपं आहे, तुझे पैसे दोन भागात जातात, अर्धे -०.५ वर अर्धे -१ वर. एका गोलने जिंकली तर पहिला अर्धा जिंकला आणि दुसऱ्या अर्ध्याचे पैसे जसेच्या तसे परत. दोन गोलने जिंकली तर दोन्ही. बरोबरीत सुटली की दोन्ही गेले.

काकांच्या वजनाचंच हे भावंड आहे, फक्त शिशाच्या ऐवजी गोल. आता भाव वाचायला शिक. तिकडे २.०० लिहिलं म्हणजे १०० लावले तर मुद्दलासकट २०० परत. १ ला भावाने भागायचं की टक्के निघतात, २.०० म्हणजे ५० टक्के, ४.०० म्हणजे २५, १.२५ म्हणजे ८०. आपल्याकडच्या बुकीच्या भाषेत "८० पैसे" म्हणजे तिकडचे १.८०, टक्क्यात साधारण साडेपंचावन्न. हा भागाकार तोंडी जमेपर्यंत बाकी काही बघू नकोस.

आणि खोटं का बोलू, मी स्वतः तीन वर्षं प्रत्येक बेट डायरीत लिहिली. शेवटी ४० पाउंड खाली होतो. मधे चार महिने बरे गेले तेव्हा एका वेबसाईटने माझी लिमिट एवढी खाली आणली की पुढे पाच पाउंडसुद्धा घेईनात. हरणाऱ्याला कोणी लिमिट लावत नाही.

कणकवली_नाका

झिला, ह्या सगळा वाचून माझी टकली फिरली. माका येकच सांग, बापाशीक सांगूक धजणस नाय तर मग ता काम करतस कित्याक? 😄 पाच टिपो खऱ्यो इल्यो म्हणता. आमच्या वाडीतलो गुराखी पाऊस सांगता तो पण पाचदा खरो येता.

मास्तरीण_चिपळूण

पाच टिपांचं गणित बघ. मी अकरावी-बारावीला शिकवते, पोरांना प्रॉबॅबिलिटी हेच उदाहरण देऊन शिकवते कारण नाण्याच्या उदाहरणाला ती झोपतात.

समज त्या माणसाकडे ३२०० नंबर आहेत. पहिल्या मॅचला १६०० जणांना तो सांगतो अ टीम जिंकणार, उरलेल्या १६०० ना ब टीम. निकाल लागला की ज्यांना चुकीचं गेलं त्यांना सोडून देतो, उरलेल्या १६०० चे परत दोन भाग. ८००, ४००, २००, १००. पाच मॅचनंतर १०० माणसं अशी उरतात की ज्यांना पाचच्या पाच बरोबर आल्यात. तू त्या शंभरातला आहेस. शंभर गुणिले तीन हजार, तीन लाख, आणि त्याला क्रिकेट कळायची सुद्धा गरज नाही. जे ३१०० बाहेर पडले ते कुठे लिहीत नाहीत ना की आम्हाला चुकीची टिप आली.

दुसरं, तुझे दहात सात. कशाच्या दहात सात? टेबलात वर असलेली टीम खालच्या टीमला हरवणार हे सांगून सात बरोबर आले तर त्यात काही नाही, त्या टीमचा भाव १.३० असतो, म्हणजे शंभरात सत्त्याहत्तर वेळा बरोबर आलास तर कुठे बरोबरीत सुटशील. सत्तर टक्के बरोबर येऊन तू तोट्यात! आणि दहा मॅच म्हणजे काहीच नव्हे. नुसतं नाणं शंभर वेळा उडवलं तरी कधी ५५-५६ छापे पडतात, त्याला कोणी नाणं हुशार आहे म्हणत नाही.

तिसरं म्हणजे कमिशन, ते कुठे लिहिलेलं नसतं म्हणून दिसत नाही. दोन सारख्या टीम असल्या तर दोघांचा भाव २.०० हवा. बुकी देतो १.९० आणि १.९०. टक्के काढ, ५२.६३ आणि ५२.६३, बेरीज १०५.२६. शंभराच्या वरचे सव्वापाच हे त्याचं दुकानभाडं. तुला शंभरात ५३ बरोबर यायला लागतात तेव्हा कुठे खर्च निघतो.

महालक्ष्मी_रिटर्न

मास्तरीणबाई, रेसकोर्सवर टोट असतो तिथे हे कमिशन उघड असतं. सगळ्यांचे पैसे एका डब्यात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा काढून घेतात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे तुम्ही बुकीशी नाही तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी खेळता.

आणि झिला तू वर एक वाक्य सहज लिहून गेलास, बाबा मोहरावर बागा घेतात. अरे मग घरात गुरू असताना टेलिग्राम कशाला? तुझे बाबा जानेवारीत दुसऱ्याच्या कलमाखाली उभे राहून वर बघतात, मोहर किती, त्यातला टिकेल किती, तुडतुडा लागलाय का, थंडी राहील का, मागच्या वर्षी झाड भरलं होतं तर यंदा विश्रांती घेईल का, आणि मनात आकडा धरतात की एवढ्या पेट्या निघतील. मग मालकाला भाव सांगताना तो आकडा पूर्ण सांगतात का? भरलेली बाग दिसली म्हणून वाटेल त्या किमतीला घेतात का? गच्च मोहरलेली बाग महाग घेतली तर बुडाले, आणि अर्धी मोहरलेली बाग स्वस्तात मिळाली तर तीच पैसे देते. याला ते लोक व्हॅल्यू म्हणतात. टीम कुठली चांगली हा प्रश्नच नाही रे, किती भावाला मिळतेय हा आहे.

फरक एकच. बाबा बाग घेतल्यावर फवारणी करतात, राखण ठेवतात, झेल्याने एकेक आंबा काढतात. घोडा लावल्यावर तुम्ही कठड्याला धरून नुसते ओरडू शकता.

देवगडचा_झील

काका हे वाचून मी खरंच हसलो कारण परवाच बाबा एका बागेवरून मागे फिरले, मालक पाचशे पेट्यांचे पैसे मागत होता, बाबा म्हणाले साडेतीनशेच्या वर जाणार नाय. मला वाटलं बाबा चिकट आहेत.

ठीक आहे टिपवाल्याला ब्लॉक केलं. पण मग शिकायचं असेल तर थोडे तरी पैसे लावल्याशिवाय कसं कळणार, पोहायला पाण्यात उतरावं लागतंच ना. मित्राकडे एक ॲप आहे, ५०० पासून सुरू होतं.

नाव_नको_लांजा

पाण्यात उतरायचं म्हणतोस म्हणून लिहितोय, नाहीतर लिहिणार नव्हतो.

मी पण ५०० पासूनच सुरू केलं, दोन वर्षांपूर्वी, असंच एक ॲप, नाव सांगत नाही, आता ते बंद आहे आणि दुसऱ्या नावाने चालू आहे. मला कोणीतरी डबलची पद्धत शिकवली. १०० लाव, हरलास तर २००, मग ४००, कधीतरी जिंकशीलच आणि मागचं सगळं भरून १०० वर राहतील. दीड महिना चाललं पण, रोज शंभर दोनशे सुटायचे, मी हॉटेलात मित्रांना बांगडा फ्राय खायला घालायचो. मग एका रात्री १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००, १२८००. आठही गेल्या. २५५०० रुपये, आणि ते कशासाठी तर शंभर रुपये मिळवायला. नवव्याला २५६०० पाहिजे होते ते मी लोन ॲपवरून घेतले आणि गंमत म्हणजे ती नववी मी जिंकलो. जिंकलो पण पैसे काढायला गेलो तर केवायसी पेंडिंग, मग म्हणे अजून १०००० भरा म्हणजे अकाउंट मोकळं होईल. ते पण भरले मी. अजून पेंडिंगच आहे.

आईला वाटायचं मुलगा रात्री अभ्यास करतो. मला सगळ्यात वाईट वसुलीच्या फोनचं वाटलं, त्यांनी कॉन्टॅक्टमधल्या मामाला फोन केला होता. झोप उडाली होती तेव्हा एकाने सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर दिला, मराठीत बोलतात, तिथे पहिल्यांदा पूर्ण रक्कम तोंडाने बोललो. लोन अजून फेडतोय.

आगबोट_रत्नागिरी

लांजावाल्या भावा, लिहिलंस हे बरं केलंस.

झील, ॲपचं विसरच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाईन मनी गेमवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा असला फरकच ठेवला नाही, पैसे लावून ऑनलाईन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही म्हणून पोरं खूश होतात, पण अरे पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करणार? जो धंदाच बेकायदा त्याच्याविरुद्ध ग्राहक म्हणून कुठे उभा राहणार तू. आणि नाक्यावरच्या बुकीकडे जाशील तर १८८७ चा जुगारबंदी कायदा आपल्या राज्यात आहेच.

काका, रेसचं वेगळं ना?

महालक्ष्मी_रिटर्न

हो, रेसकोर्सवर जाऊन खेळणं वेगळं, १९९६ साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ म्हटलंय. पण कौशल्य असून उपयोग काय, कर बघ. सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, तोही नफ्यावर नव्हे, लावलेल्या रकमेवर. वर जिंकलेल्यावर ३० टक्के इन्कम टॅक्स, आणि रविवारी हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. मास्तरीणबाईंचं सव्वापाच टक्के कमिशन ज्याला जड जातं तो या चाळीसमधून काय सोडवणार. माझ्या वेळचे जे दोन-तीन खरे हुशार पंटर होते ते आता नुसते चहा प्यायला जातात.

मास्तरीण_चिपळूण

पोहण्याचं उदाहरण इथे बसत नाही असं माझं मत. अंदाज बरोबर की चूक हे निकालावरून कळतं, त्याला पैसे कशाला. दोनशे पानी वही घे. मॅचच्या आधी, भाव अजिबात न बघता, तुझा टक्का लिही, पेनाने, खोडरबर नाही. "जिंकेल" असं लिहायचं नाही, "५८ टक्के" असं लिहायचं. मग भाव बघून त्याचा टक्का शेजारी. मग कारण एका ओळीत, आणि मग निकाल. दोनशे मॅच झाल्या की जिथे जिथे तू साठच्या आसपास लिहिलंस त्या सगळ्या मॅच एकत्र काढ. शंभरात साठेक जिंकल्या असतील तर तुला खरंच कळतंय. पन्नासच जिंकल्या तर तू फुशारकी मारतोयस. माझ्या अनुभवात मुलं बहुतेक दुसऱ्या गटात असतात, मुली थोड्या कमी लिहितात आणि बरोबर येतात, पण ते असो.

बँकरोलचं, म्हणजे खेळायला बाजूला ठेवलेल्या पैशांचं, विचारलं होतंस म्हणून सांगते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या जॉन केली नावाच्या माणसाने सूत्र मांडलं, किती टक्के लावायचे त्याचं. भाव २.१० आणि तुझा अंदाज ५० टक्के असेल तर ते सांगतं की भांडवलाच्या साडेचार टक्के लाव. पण तुझे ५० खरे तर ४६ असले तर तेच सूत्र सांगतं शून्य, लावूच नको. चार टक्क्यांची चूक, जी तुला वहीशिवाय दिसणारच नाही, तिच्यावर सगळं उभं आहे.

कणकवली_नाका

बाई, वयेचो खर्च चाळीस रुपये. ह्या मात्र बापाशीक सांगूक हरकत नाय.

देवगडचा_झील

घेतली वही. बाबांना पण दाखवली, ते म्हणाले तुझ्या त्या टक्क्यावर आपल्या बागेचं पण लिही बघू, मी माझ्या मनात धरतो आणि मे मध्ये ताडून बघू. म्हणजे आता मला दोन वह्या झाल्या.

रविवारच्या एका रेसचं कार्ड बघून पहिलाच प्रयत्न केलाय, आठ घोडे, भाव बघितले नाहीत आईशप्पथ. १ नंबर ३५ टक्के कारण मागच्या दोन रन चांगल्या, ४ नंबर ३० कारण वजन कमी झालंय आणि अंतर तेच आहे, ६ नंबर २५ कारण वरच्या क्लासमधून खाली आलाय, २ नंबर १५, उरलेल्या चौघांना ५-५. काका चुकलं असेल तर सांगा.

महालक्ष्मी_रिटर्न

कारणं चांगली लिहिलीस, ६ नंबरचं तर झकास. पण बेरीज केलीस का? १२५ येतेय, शंभराच्या वर. पहिल्याच दिवशी बुकी झालास की रे.

देवगडचा_झील

😂😂 थांबा, परत करतो.